बर्पी कशी मारायची: घरच्या घरी, कमी जागेत, कंबर आणि गुडघे सांभाळून

जिमची फी नाही, मशीन नाही, डंबेल नाही, एक सतरंजी मावेल एवढी जागा असली की पूर्ण शरीराचा व्यायाम होतो तो म्हणजे बर्पी: खाली बसून हात टेकवायचे, पाय मागे टाकायचे, परत आणायचे आणि उभं राहायचं. मांड्या, पोट, छाती, खांदे, दंड सगळं एकदम कामाला लागतं आणि धडधड अशी वाढते की मिनिटभरात बोलणं बंद होतं. नागपुरात आजकाल कोणत्याही ग्राउंडवर सकाळी जा, रेशीमबाग घ्या नाहीतर अंबाझरीकडे घ्या, कोणी ना कोणी बर्पी मारून राहिलेलं दिसतंच, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी तर हमखास, आणि आता आमच्या लेआउटमधल्या बायकापण सकाळी ओपन स्पेसवर जमून करतात. त्यातल्या कितीतरी जणांची बर्पी पाहून मला खरंच काळजी वाटते म्हणून हे एवढं लांबलचक लिहून राहिली आहे. कंबर खाली लोंबते, हात कुठेही पडतात, पाय परत येताना चवड्यांवर येऊन गुडघे आत वळतात, आणि बाजूला उभा असलेला दोस्त मोजत राहतो, "अठरा, एकोणीस, चल भाऊ एक अजून". ती एक अजून मारायचीच नसते. बर्पी चार तुकड्यांची आहे, प्रत्येक तुकडा वेगळा शिकायचा, मग जोडायचा, आणि ज्या बर्पीत कंबर सुटली ती त्या दिवसाची शेवटची, मग आकडा पाच असो की पन्नास.

हे मी मनाने नाही सांगत, हा व्यायाम निघाला तोच असा. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रॉयल बर्पी नावाचे एक शरीरशास्त्राचे अभ्यासक होते, साध्या माणसाचा फिटनेस पटकन कसा तपासावा यासाठी त्यांनी ही चाल बसवली. खाली बसून हात जमिनीवर, पाय मागे, पाय परत, उभं राहा, संपलं. पुश-अप नाही, उडी नाही. आणि मारायच्या किती तर फक्त चार, आधी नाडी मोजायची आणि नंतर मोजायची. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने भरती झालेल्यांच्या चाचणीत ती घेतली, ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त किती होतात ते पाहायला लागले, तिथून हा वेगाचा आणि आकड्याचा नाद लागला, छाती टेकवणं आणि उडी तर त्याच्याही नंतर जोडल्या गेल्या. म्हणून जी काकू उडी न मारता, पुश-अप न करता बर्पी करते तिला कोणी "अर्धी बर्पी" म्हणू नका, मूळ बर्पी तीच आहे.

आपल्याकडे तालमीत जोर-बैठकांसोबत सपाट्या मारतात त्याही याच जातीच्या, बैठक आणि जोर एका दमात. ज्यांनी लहानपणी आखाड्यात थोडेफार जोर मारले त्यांना बर्पी लवकर जमते, कारण हातावर वजन घ्यायची सवय असते.

आता सुरू करायच्या आधी कोणी थांबायचं ते सांगते, आणि हे वाचून पुढे सरकू नका. बीपी कंट्रोलमध्ये नाही, हार्टचा त्रास आहे किंवा घरात कमी वयात कोणाला अटॅक आलेला आहे, हर्निया आहे, स्लिप डिस्क आहे, चक्कर येते, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. शुगर असेल आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तरी विचारा, कारण जोराच्या व्यायामात शुगर एकदम खाली जाऊ शकते. प्रेग्नन्सीत नवीन म्हणून ही सुरू करू नका. डिलिव्हरीनंतर पोट आणि खालचे स्नायू सावरायला महिने लागतात, घाई करू नका, आणि उडी मारताना लघवीचा थेंब सुटत असेल (खूप बायकांना होतं, कोणी बोलत नाही) तर उडी सोडा, चालत-चालत करायची बर्पी करा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, त्यावर व्यायाम असतात आणि फरक पडतो. चिकुनगुन्या, डेंग्यू होऊन गेल्यावर सांधे धरलेले असताना तर अजिबात नाही, आपल्याकडे पावसाळ्यानंतर हे घरोघरी असते म्हणून मुद्दाम लिहिलं.

जागा आणि वेळ, हा नागपूरकरांसाठी वेगळाच विषय आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपा (मे अखेरचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागला की विचारूच नका, अशात सकाळी साडेपाच-सहाच्या पुढे बाहेर बर्पी मारायची नाही, आठ वाजता तर नाहीच नाही. आपली गरमी कोरडी आहे, घाम येतो आणि लगेच उडून जातो, त्यामुळे माणसाला वाटतं की मला घामच आला नाही, पण पाणी तर शरीरातून गेलेलंच असतं. पावसाळ्यात उलटं, घाम अंगावर तसाच राहतो, सुकत नाही म्हणून अंग थंड होत नाही आणि दम लवकर लागतो. घरात कूलर लावून करत असाल तर खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत कूलर चालला की हवा दमट होते आणि तोच पावसाळ्याचा प्रकार घरात होतो. उन्हाळा सुरू होताना शरीराला त्या गरमीची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस नेहमीच्या निम्म्याच बर्प्या करा. थंडीत वेगळी गोष्ट, २९ डिसेंबर २०१८ ला आपल्या शहरात ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता, अशा सकाळी वॉर्म-अप दुप्पट वेळ करायचा.

जमीन कशी पाहिजे तर सपाट आणि न घसरणारी. टाईल्सवर घाम पडला की हात सटकतो आणि तोंडावर आपटायला होतं, म्हणून मॅट नाहीतर जाड सतरंजी, आणि सतरंजी स्वतःच सरकत असेल तर त्यापेक्षा गच्चीवरचा खरबडीत सिमेंटचा कोबा बरा (सकाळीच, दुपारी तो भाजतो). ग्राउंडवर माती असेल तर खडे वेचून टाका. बूट घाला, सोल फार जाड आणि मऊ नको. बायकांनी ओढणी काढून ठेवा किंवा कमरेला घट्ट बांधा, खाली वाकताना ती हाताखाली येते आणि उठताना मान खेचली जाते, स्पोर्ट्स ब्रा घाला. रिकाम्या पोटी चक्कर येत असेल तर अर्धा तास आधी एक केळं खा. तर्री पोहे नंतर. खाऊन आलात तर दोन तास थांबा.

वॉर्म-अप पाच-सात मिनिटं तरी पाहिजेच. जागच्या जागी चालणं, मग हलकं जॉगिंग, खांदे गोल फिरवणं, मनगटं फिरवणं आणि जमिनीवर हात ठेवून हळूच पुढे-मागे झुकणं, मग दहा सावकाश बैठका. मनगटाचं लोक नेहमी विसरतात आणि मग तिसऱ्या दिवशी तेच दुखतं.

आता तुकडे.

पहिला तुकडा, खाली बसणं. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा, बोटं थोडी बाहेर. कमरेतून वाकून हात खाली टेकवायचे नाहीत, आधी ढुंगण मागे न्यायचं, गुडघे वाकवायचे, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच गेले पाहिजेत, आत पडायला नको. मग हात जमिनीवर, बरोबर खांद्यांच्या खाली, पायांच्या थोडंसं पुढे, पंजा पूर्ण उघडा आणि बोटं पसरलेली. हात फार लांब टाकले की पुढच्या तुकड्यात कंबर लोंबणारच, तिथे कितीही जोर लावा, चूक इथेच झालेली असते.

दुसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, पाय मागे टाकणं. लोकं काय करतात, आधी पाय फेकतात आणि मग पोट आवळतात. तोवर उशीर झालेला असतो, सगळं वजन मागे गेलं, पोट ढिलं, कंबर खाली जाऊन झटका बसला. क्रम उलटा ठेवायचा. हात टेकले, तळव्यांनी जमीन खाली दाबली, खोकताना जसं पोट कडक होतं तसं पोट कडक केलं, ढुंगणाचे स्नायू आवळले, मग दोन्ही पाय सोबत मागे. चवड्यांवर उतरायचं. उतरल्यावर डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेघ, खांदे मनगटांच्या वर, नजर हातांच्या थोडी पुढे जमिनीवर, समोरच्या भिंतीकडे मान वर करून पाहायचं नाही.

ही रेघ आपल्याला स्वतःला कळत नाही. सरळच आहे असं वाटतं आणि असते वाकडी. घरातल्या कोणाला तरी बोलवा, झाडूची सरळ दांडी पाठीवर ठेवायला सांगा, डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी दांडी टेकली पाहिजे, कंबरेच्या खोलगटात तळहात जाईल एवढीच फट. कोणी नसेल तर मोबाईल बाजूला जमिनीवर टेकवून व्हिडिओ काढा, समोरून नको, बाजूनेच. आणि ही पोझिशन वीस-तीस सेकंद न हलता धरता येत नसेल तर अजून पाय फेकायचे नाहीत, आधी उजवा पाय मागे, मग डावा, असं चालत न्यायचं. आठवडाभर तेच करा, काही बिघडत नाही.

तिसरा तुकडा, पाय परत आणणं. इथे गुडघ्यांची वाट लागते. पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणायला गेलं की जागा पुरत नाही, मग माणूस चवड्यांवर येतो, टाचा वर, गुडघे पुढे, पाठ गोल, आणि त्याच अवस्थेतून वर उडी मारतो. पाय हातांच्या बाहेरच्या बाजूला आणा, रुंद, आणि पूर्ण तळवा टाचेसकट जमिनीवर पडला पाहिजे. त्यासाठी पाय आणताना कंबर थोडी वर उचलावी लागते, तेवढी उचला. पाय पडले की हात लगेच सोडून छाती वर करायची, म्हणजे तुम्ही खोल बैठकीत दिसाल.

ज्यांना टाचा टेकवून उकिडवं बसता येतं त्यांना हा तुकडा आपोआप जमतो. आपल्या आज्या उकिडव्या बसून भाजी निवडायच्या, अंगण सारवायच्या, त्यांना हे सांगायची गरज नव्हती, आपण खुर्चीवर बसून बसून घोटे आणि कंबर जाम करून घेतली. रोज टीव्ही पाहताना दोन-तीन मिनिटं उकिडवं बसायची सवय लावा, सुरुवातीला दाराची चौकट नाहीतर पलंग धरून बसा, टाचेखाली पातळ पुस्तक ठेवा, महिनाभरात तुम्हालाच फरक कळेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र हे करू नका.

चौथा, उठणं. वजन टाचांवर, छाती आधी वर, मग उभं. उडी घ्यायची असेल तर दोन-तीन इंच बस झाली, हात कानाजवळून वर. उडी किती उंच गेली याने काही होत नाही, उतरलात कसे ते पाहायचं. आधी चवडा मग टाच, गुडघे थोडे वाकलेले, आणि आवाज कमीत कमी. धप्प आवाज येऊन राहिला म्हणजे धक्का स्नायूंनी घेतला नाही, तो सरळ गुडघ्यात आणि कंबरेत गेला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर खालचे लोक सांगतीलच.

श्वासाचं फार डोक्यात घेऊ नका, रोखायचा नाही एवढं पक्कं. खाली जाताना आत, वर उठताना बाहेर, पाय फेकताना थोडा सोडला तरी चालतो. बीपीवाल्यांनी हे विशेष सांभाळायचं, दम कोंडून जोर लावला की बीपी एकदम वर जातं.

हे चार तुकडे नीट जमले, सलग आठ-दहा झाल्या तरी दुसरा तुकडा हलला नाही, मग पुश-अप जोडा. कोपरं एकदम बाहेर फाकवायची नाहीत, अंगापासून साधारण ४५ अंशावर. खाली जाताना पोटावर धपकन पडायचं नाही, हातांनी स्वतःला उतरवायचं, आणि वर येताना छाती आणि कंबर सोबत आली पाहिजे. छाती आधी, कंबर मागून, असं होत असेल तर तुमचे दंड अजून तयार नाहीत, वेगळे पुश-अप करा, भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर, आणि बर्पीत पुश-अप तोपर्यंत ठेवू नका.

आता ज्यांना खाली जमिनीपर्यंत वाकणंच कठीण, वजन जास्त आहे, वय झालंय, बऱ्याच वर्षांनी सुरू करताय, त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून सुरुवात करावी. ओट्यावर दोन्ही हात, एक पाय मागे, दुसरा पाय मागे, अंग सरळ, एक पाय पुढे, दुसरा पुढे, उभं राहून हात वर. झाली बर्पी. हे सोपं वाटलं की घट्ट बसवलेला दिवाण, नाहीतर बागेतला सिमेंटचा बाक, मग जमीन. प्लास्टिकची खुर्ची वापरू नका, ती सरकते. आमच्याकडे साठीच्या पुढच्या मावशी बाकावर करतात आणि त्यांची रेघ कॉलेजच्या पोरांपेक्षा सरळ असते, कारण त्या घाई करत नाहीत.

किती करायच्या? पहिले दोन आठवडे मी आकडा सांगतच नाही, दहा मिनिटांचं घड्याळ लावा, एक बर्पी करा, श्वास नीट झाला की दुसरी, जेवढ्या चांगल्या होतील तेवढ्या. त्यानंतर असं करा, मिनिट सुरू झालं की पाच बर्प्या सावकाश, उरलेला वेळ उभं राहून किंवा चालत आराम, पुढचं मिनिट लागलं की परत पाच, असे सहा राउंड, म्हणजे तीस झाल्या आणि त्यातली एकही घिसाडघाईची नाही. पाच मारायला चाळीस सेकंदांच्या वर वेळ लागून राहिला तर चारवर या. जमायला लागलं की एक राउंड वाढवा, राउंडमधला आकडा नंतर. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. आरामाच्या वेळात एखादं पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांवर दम तुटत असेल तर आराम वाढवा. रोज शंभर बर्पीचं चॅलेंज वगैरे जे मोबाईलवर फिरतं त्याच्या नादी नवीन माणसाने लागू नये, खांदा, मनगट, कंबर यातलं काहीतरी धरतंच.

भरतीवाल्या पोरा-पोरींसाठी एक गोष्ट. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर धावायचं असतं, त्याची जागा बर्पी घेऊ शकत नाही. ती दम आणि ताकदीला मदत करते, गोळाफेकीला अंगात कडकपणा येतो, पण धावायच्या मेहनतीच्या आदल्या दिवशी पाय थकवून बसू नका. हलक्या धावेच्या दिवशी शेवटी पाच-सहा राउंड, तेवढं पुरे.

मधेच दुखलं तर. मनगट दुखतं, तर बोटं थोडी बाहेर वळवून पाहा, नाहीतर मुठींवर करा म्हणजे मनगट वाकत नाही, तरी दुखलं तर ओट्यावर या. कंबर दुखते, तर थांबा, नव्वद टक्के वेळा दुसरा तुकडा बिघडलेला असतो, व्हिडिओ काढून पाहा, आणि दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर डॉक्टर. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, तर उडी बंद आणि तिसऱ्या तुकड्यात टाचा पाहा. डोळ्यांसमोर अंधारी येते, तर वर-खाली पटकन होण्याने काही जणांना असं होतं, वेग अर्धा करा, नाहीच थांबलं तर तपासून घ्या. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, अशात ॲसिडिटी समजून बसायचं नाही, व्यायाम तिथेच सोडायचा आणि १०८ ला फोन करायचा.

उन्हाळ्यातलं अजून एक. डोकं दुखायला लागलं, मळमळ, पायात गोळे, तर सावलीत बसा, मान, काखा, चेहरा ओला करा, घोट घोट पाणी. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापून भट्टीसारखं झालं तर तो उष्माघात आहे, त्याला पाणी पाजत बसू नका, भरपूर पाणी अंगावर ओता, पंखा घाला आणि लगेच दवाखाना. साधा घाम भरपूर गेला असेल तर घरचं मीठ-साखर पाणी पुरतं, एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, याच्यापेक्षा जास्त मीठ टाकू नका. आंब्याचं पन्हं छान लागतं, पण व्यायाम करता करता नको, घरी गेल्यावर.

संपल्यावर धपकन बसू नका. तीन-चार मिनिटं चाला, धडधड खाली येऊ द्या, मग पोटऱ्या, मांडीची पुढची बाजू, छाती ताणा, प्रत्येकी वीस-तीस सेकंद, झटके न देता. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि छाती अवघडलेली राहील, ती दोन दिवसांत जाते, जिना उतरताना जास्त कळतं. अशा दिवशी अंबाझरीला किंवा फुटाळ्याला एक सावकाश चक्कर मारून या, बर्पी त्याच्या पुढच्या दिवशी.